समोरचे रोटर बदलताना

रोटर म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती. भारतात तिला डिस्क म्हणतात. कॅलिपरमधले दोन पॅड या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटतात आणि गाडी थांबते. ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढे झुकत असल्याने समोरच्या जोडीवर ताण जास्त पडतो, आणि बहुतेक गाड्यांत तीच आधी झिजते.

अमेरिकेत किंवा कॅनडात नव्याने आलेल्या कुटुंबाची पहिली गाडी बहुधा दहा-पंधरा वर्षांची कोरोला नाहीतर सिविक असते. गॅरेजचे पहिले बिल हातात पडले की सुट्या भागांपेक्षा मजुरीच जड असते, हे कळते. म्हणून तिथे जुन्या झालेल्या घरांमधून हे काम हौशीने नव्हे, हिशेबाने शिकले जाते.

रोटर बदलायची वेळ झाल्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. ब्रेक दाबताच पेडल पायाखाली धडधडते, सुकाणू थरथरते किंवा चकतीच्या कडेला ठळक काठ उभा राहतो. किमान जाडी रोटरवरच कोरलेली असते. झीज तिथवर पोचली की तो बाद. नुसती किंकाळी येत असेल तर बहुधा पॅड संपल्याची सूचना देणारी पत्र्याची जीभ घासत असते. पावसाच्या रात्रीनंतर सकाळी रोटरवर दिसणारा तांबूस थर मात्र निरुपद्रवी असतो. तो दोन-चार ब्रेकांत पुसला जातो, तरी दर नवागत त्याला एकदा घाबरतोच.

रोटर नेहमी जोडीने बदलावेत आणि पॅडही सोबत नवे घालावेत. मिशिगन, ओहायो, ओंटारियो अशा हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडणाऱ्या भागांत लेप दिलेले रोटर थोडे महाग पडले तरी तेच घ्यावेत. सुट्या भागांची काही मोठी दुकाने अनामत रकमेवर हत्यारे वापरायला देतात. टॉर्क पाना विकत घेण्याआधी तिथे चौकशी करावी. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडीदुरुस्तीला बऱ्याचदा मनाई असते. तेव्हा भाडेकरार आधी वाचावा आणि गरज पडल्यास घर असलेल्या मित्राचा ड्राइव्हवे मागून घ्यावा.

जमीन सपाट हवी. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना ठोकळे लावावेत, नट चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत आणि मगच गाडी उचलावी. गाडीसोबत आलेला जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. गाडी स्टँडवर टेकवून, हाताने हलवून खात्री झाल्याशिवाय कोणीही तिच्याखाली हात घालू नये.

चाक निघाले की कॅलिपरचे दोन बोल्ट काढावेत. सुटलेला कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगावा. रबरी नळीवर लोंबकळत ठेवला तर नळी आतून फाटू शकते. त्यानंतर पॅड धरणाऱ्या ब्रॅकेटचे दोन बोल्ट. ते हट्टी असतात आणि त्यांना लांब दांड्याचा पाना लागतो.

एवढे सोडवूनही रोटर जागचा हलत नाही. हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाला, तो गंजाने चिकटलेला असतो, आणि खरे काम इथूनच सुरू होते. होंडाच्या गाड्यांत रोटरवर दोन स्क्रू असतात. साध्या पेचकसाने त्यांची खाच बिघडते, म्हणून हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर हवा. होंडा आणि टोयोटाच्या बऱ्याच रोटरना आटे पाडलेली दोन भोके असतात. त्यांत आठ मिलिमीटरचे बोल्ट घालून एकदा इकडचा, एकदा तिकडचा असे थोडे थोडे पिळले की रोटर हबवरून ढकलला जातो. भोके नसतील तर गंजावर तेल सोडून थोडे थांबावे आणि हातोडी चालवावी. जुना रोटर भंगारातच जायचा असल्याने त्याची दया करू नये.

त्यानंतर हबचा दर्शनी भाग तारेच्या ब्रशने चकचकीत करावा. घाई बहुतेक इथेच नडते. गंजाचा बारीक कण जरी आत राहिला तरी रोटर तिरका बसतो आणि काही महिन्यांत पेडल पुन्हा धडधडू लागते. दोष मात्र नव्या रोटरला दिला जातो. नव्या रोटरवरचे तेलही ब्रेक क्लीनरने पुसून काढावे.

जाड पॅड बसण्यासाठी कॅलिपरचा पिस्टन सी-क्लॅम्पने हळूहळू आत दाबावा. त्या वेळी टाकीतले ब्रेक ऑइल वर चढते. ते सांडून रंगावर पडले तर रंग जातो. कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना पुसून त्यांना ब्रेकचेच ग्रीस लावावे. वरची पिन खाली आणि खालची वर घालू नये, कारण काही गाड्यांत त्या वेगळ्या असतात. पिना जाम असतील किंवा नळीला चिरा दिसल्या तर काम तिथेच थांबवून मेकॅनिक गाठावा.

चाकाचे नट एकाआड एक आवळावेत. कोरोलाला 76 फूट-पाउंड लागतात. इतर गाड्यांचा आकडा त्यांच्या पुस्तिकेतून घ्यावा. गाडी सुरू करण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहावे. हे राहिले तर पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी 30 मैलांवरून जवळपास थांबेपर्यंत मध्यम ब्रेक सात-आठ वेळा, मध्ये थोडा वेळ सोडून, लावावा.

पन्नास मैलांनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत.