सवलतीचा शब्द

(घरबसल्या मोबाइलवरून वस्तू मागवण्याची पद्धत आता सगळीकडे रूढ झाली आहे. अशा खरेदीत बहुधा पैसे आधी दिले जातात आणि वस्तू नंतर येते. सवलतीच्या दरात मागवलेली वस्तू दुकानदार देऊ शकला नाही, तर ग्राहकाने काय करावे? बहरैनमधील एका मराठी कुटुंबाच्या अनुभवातून प्रस्तुत पाठात या प्रश्नाचा विचार केला आहे.)

त्या वर्षी मी नववीत होते. आम्ही बहरैनची राजधानी मनामा येथे राहत होतो. बाबा एका गोदामात हिशेबनीस होते. आई घरी शिवणकाम करत असे. आमच्या ओळखीतील मराठी बायका तिच्याकडे ब्लाउज शिवायला देत. संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी अकरा जणींनी काळे कापड आणून दिले होते आणि नेमके डिसेंबरात आईचे जुने शिलाई मशीन बंद पडले.

१६ डिसेंबर हा बहरैनचा राष्ट्रीय दिन. त्या सुमारास दुकानांत मोठ्या सवलती असतात. एका दुकानाच्या ऑनलाइन जाहिरातीत ६२ दिनारांचे मशीन ३९ दिनारांना मिळेल, असे लिहिले होते. बहरैनचा एक दिनार म्हणजे एक हजार फिल्स. ३९ दिनार ही आमच्यासाठी लहान रक्कम नव्हती. तरी आईने साठवलेले पैसे मोजले, बाबांच्या कार्डावरून रक्कम भरली आणि मशीन मागवले. लगेच संदेश आला, “आपली ऑर्डर स्वीकारली आहे. चार दिवसांत मशीन घरपोच मिळेल.”

चार दिवस गेले, आठ झाले. नवव्या दिवशी दुसरा संदेश आला, “मशीन शिल्लक नाही. ऑर्डर रद्द केली आहे. भरलेल्या रकमेचे कूपन पाठवत आहोत. ते आमच्याच दुकानात वापरता येईल.”

आईचा चेहरा उतरला. मी दुकानाचे पान उघडून पाहिले. तेच मशीन तेथे अजून दिसत होते. मात्र किंमत ६२ दिनार होती!

“जाऊ दे,” बाबा म्हणाले, “परक्या मुलखात कुठे वाद घालत बसायचे?”

मला मात्र ते पटेना. मी पुण्याला आजोबांना फोन लावला. आजोबा अनेक वर्षे ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते होते. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ही चळवळ सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. ‘ग्राहक एकटा असला की दुबळा असतो, पण जाणता झाला की दुबळा राहत नाही,’ असे आजोबा नेहमी म्हणत.

त्यांनी सगळी हकिकत शांतपणे ऐकून घेतली. मग ते म्हणाले, “बाळ, आधी कागद गोळा कर, राग नंतर काढ. जाहिरात जपून ठेवली आहेस का?”

“हो आजोबा, तिचा स्क्रीनशॉट आहे. दोन्ही संदेश आहेत. पैसे कापल्याचा बँकेचा संदेशही आहे.”

“छान! आता ६२ दिनारांना मशीन दिसते, त्या पानाचाही स्क्रीनशॉट काढून ठेव. उद्या ते पान बदलेल. आता मला सांग, त्यांनी आईला काय देऊ केले?”

“कूपन.”

“आईने कूपन मागितले होते का?”

“नाही. तिला मशीन हवे होते.”

“मग मशीन द्यायचे नसेल, तर पैसे परत द्यायला हवेत. पैसे घेऊन कूपन हाती देणे म्हणजे ग्राहकाचे पैसे आपल्याच गल्ल्यात अडकवून ठेवणे.”

माझ्या मनात एक शंका आली. “आजोबा, पण दुकानदाराकडून खरोखरच चूक झाली असेल तर?”

“चांगला प्रश्न विचारलास,” आजोबा म्हणाले. “चूक आणि फसवणूक यांत फरक करायलाच हवा. २००३ साली सिंगापूरमध्ये एका ऑनलाइन दुकानात ३,८५४ डॉलरच्या प्रिंटरची किंमत चुकून ६६ डॉलर अशी दिसू लागली. सहा जणांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागवले. दुकानाने ते देण्याचे नाकारले. खटला झाला आणि न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. ही किंमत चुकीची आहे, हे त्या ग्राहकांना ठाऊक होते आणि तरीही त्यांनी त्या चुकीचा फायदा घेतला, असे न्यायालयाला आढळले. २००५ साली वरच्या न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. ग्राहकानेही प्रामाणिक असले पाहिजे. पण तुमची गोष्ट वेगळी आहे. ६२ चे ३९ ही काही नजरचूक नव्हे. दुकानाने स्वतःच्या जाहिरातीत दिलेला तो शब्द आहे. सवलतीची किंमत हाही शब्दच असतो.”

मग आजोबांनी मला भारतातील कायद्याची माहिती दिली. आपल्याकडे पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. त्याला २४ डिसेंबर रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्याची जागा घेणारा २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच महिन्यात ऑनलाइन व्यापाराचे स्वतंत्र नियम आले. ग्राहकाची तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी आणि तिचे निवारण एका महिन्यात करावे, असे हे नियम सांगतात. ग्राहकाला आपण राहतो त्या ठिकाणच्या ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. २०२२ साली जाहिरातींविषयी मार्गदर्शक सूचना निघाल्या. जाहीर केलेल्या किमतीला वस्तू देण्याची वाजवी शक्यता नसताना केवळ गिऱ्हाईक ओढण्यासाठी जाहिरात करू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे.

“पण आजोबा, आम्ही तर बहरैनमध्ये आहोत!”

“म्हणून काय झाले? तिथला कायदा वाचा. जिथे बाजार आहे, तिथे बाजाराचे नियमही असतात.”

त्या रात्री बाबा आणि मी मिळून माहिती शोधली. बहरैनमध्ये २०१२ साली ग्राहक संरक्षणाचा ३५ क्रमांकाचा कायदा झाला आहे. वस्तूविषयी खरी माहिती मिळणे हा त्यात ग्राहकाचा हक्क मानला आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. सवलतीची विक्री करण्यासाठी दुकानदाराला वाणिज्य मंत्रालयाची परवानगी घ्यावी लागते. त्याच मंत्रालयाच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार करता येते. बाबांनी कायद्यातील ‘ग्राहक’ या शब्दाची व्याख्या दोनदा वाचली. तो येथला नागरिकच असला पाहिजे, अशी अट तेथे नव्हती. बाबा काही बोलले नाहीत; पण ‘परका मुलूख’ हे शब्द त्यानंतर त्यांच्या तोंडून मी ऐकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानाला पत्र पाठवले. त्यात ऑर्डरचा क्रमांक, तारीख आणि भरलेली रक्कम लिहिली. “मशीन ठरलेल्या किमतीला द्यावे, ते शक्य नसल्यास संपूर्ण रक्कम परत करावी. आम्हांला कूपन मान्य नाही. सात दिवसांत उत्तर न मिळाल्यास आम्ही ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार करू,” एवढाच मजकूर होता. त्यात एकही कठोर शब्द नव्हता.

दुकानाकडून पुन्हा कूपनाचेच उत्तर आले. तेव्हा बाबांनी सर्व कागद जोडून विभागाकडे तक्रार नोंदवली. त्यानंतर काही दिवसांनी दुकानाच्या व्यवस्थापकांचा फोन आला. सवलतीसाठी ठेवलेली मशीन पहिल्याच दिवशी संपली होती. परंतु संगणकावरील नोंद वेळेवर बदलली नाही, म्हणून पुढच्या ऑर्डरही स्वीकारल्या गेल्या, असे त्यांनी सांगितले. नवा माल जानेवारीच्या अखेरीस येणार होता. पानावर दिसणारी ६२ दिनारांची किंमत त्याचीच होती. ते म्हणाले, “नव्या मालातील मशीन तुम्हांला ३९ दिनारांनाच देऊ किंवा रक्कम आजच परत करू. काय करायचे ते तुम्ही ठरवा.”

आईने क्षणभर विचार केला. संक्रांत तर दारात आली होती. तिने रक्कम परत मागितली.

पैसे जमा झाल्यावर आम्ही बाब अल् बहरैनच्या कमानीतून मनामाच्या जुन्या बाजारात गेलो. तेथल्या दुकानदाराने मशीन चालवून दाखवले, आईने कापडावर टीप घालून पाहिली आणि मगच ४६ दिनार मोजले. एका हाताने पैसे दिले, दुसऱ्या हाताने वस्तू घेतली.

घरी येताना बाबा म्हणाले, “शेवटी सात दिनार जास्तच गेले की!”

“गेले खरे,” आई म्हणाली, “पण काय घ्यायचे ते या वेळी मी ठरवले, दुकानाने नाही.”

त्या रात्री उशिरापर्यंत घरात मशीनचा आवाज येत होता. संक्रांतीला अकराही जणी आईने शिवलेले काळे ब्लाउज घालून हळदीकुंकवाला आल्या.

शब्दार्थ
हिशेबनीस – जमाखर्च लिहिणारा. मुलूख – प्रदेश. पोच – मिळाल्याची लेखी कबुली. निवारण – दूर करणे, सोडवणूक. वाजवी – योग्य. टीप – शिलाईची रेघ.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आईला नव्या मशीनची घाई का होती?
(आ) राष्ट्रीय ग्राहक दिन २४ डिसेंबरला का पाळला जातो?
(इ) आईने रक्कम परत का मागितली?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) आजोबांनी कोणकोणते पुरावे जपून ठेवायला सांगितले? का?
(आ) सिंगापूरच्या खटल्यात ग्राहक का हरले? आईची गोष्ट त्याहून वेगळी कशी?

प्र. ३. ‘सवलतीची किंमत हाही शब्दच असतो.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

प्र. ४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा.
चेहरा उतरणे, दारात येणे, शब्द देणे.

उपक्रम : घरात झालेल्या एखाद्या खरेदीची पावती मिळवा. तिच्यावर कोणकोणती माहिती आहे ते पाहा. ती वस्तू सदोष निघाली आहे, अशी कल्पना करून दुकानदारास सौम्य परंतु स्पष्ट भाषेत पत्र लिहा.