पाळण्याजवळ जागणारी

निजलेल्या मुलाचे चित्र काढणे वरवर सोपे वाटते; मूल हलत नाही. अवघड असते ते त्याच्याकडे पाहणाऱ्याचे मन रंगविणे. बेर्थ मोरिझो (1841–1895) या फ्रेंच चित्रकर्तीचे 1872 सालचे ‘पाळणा’ हे चित्र या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. इम्प्रेशनिस्ट, म्हणजे दृक्प्रत्ययवादी, चित्रकारांच्या 1874 मधील पहिल्या प्रदर्शनात ते मांडले होते. तेथे त्यास गिऱ्हाईक मिळाले नाही. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

पाळण्यात तान्ही ब्लांश निजली आहे. शेजारी तिची आई एदमा, चित्रकर्तीची सख्खी बहीण. बाळाचा एक हात दुमडून डोक्याशी गेला आहे. आईचाही डावा हात तसाच दुमडून गालाशी टेकला आहे. दुसऱ्या हाताने तिने पाळण्यावरील झिरझिरीत पडदा धरला आहे. त्या पडद्याआडून बाळ आपणांस अंधूक दिसते, आई मात्र स्पष्ट दिसते. नाव पाळण्याचे असले तरी चित्र जागणारीचे आहे, असे आम्ही समजतो.

एदमाही चित्रकर्ती होती. दोघी बहिणी कोरो या नामवंत चित्रकाराच्या मार्गदर्शनाखाली शिकल्या. 1869 मध्ये एदमाचे लग्न झाले आणि तिचा कुंचला सुटला. हे ठाऊक झाल्यावर तिच्या नजरेत निव्वळ वात्सल्य पाहणे आम्हांस जमत नाही. तीत थकवा आहे, विचार आहे; माया तर आहेच.

आमच्या वाचकांस येथे राहुल आठवेल. प्रचलित कथेत सिद्धार्थ निजलेल्या यशोधरेस न सांगता निघून जातो. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातील यशोधरा मात्र जागी आहे. ती संमती देते, आणि राहुलचा सांभाळ करावयाचा नसता तर आपणही परिव्रज्या घेतली असती, असे सांगते. मग सिद्धार्थ मुलाकडे एकवार पित्याच्या दृष्टीने पाहून निघतो.

लेकराला वसतिगृहात पोहोचवून पूर्णा जंक्शनवर परतीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या आईबापांस हे समजावून सांगण्याची गरज नाही. मुलाच्या शिक्षणासाठी त्याचे निजलेले तोंड पाहण्याचे सुखही त्यांनी सोडलेले असते. ते पाहणे मग रात्री फेरी मारणाऱ्या अधीक्षकांकडे येते; कोणाचे पांघरूण सरकले, कोण अजून जागा आहे, हे त्यांनाच दिसते.

अजिंठ्याच्या 17 व्या लेण्यात यशोधरा व राहुल म्हणून ओळखले जाणारे चित्र आहे. भिक्षापात्र घेतलेल्या भव्य बुद्धांपुढे राहुल उभा आहे, आता मोठा झालेला, मान वर करून पाहणारा. आई त्याच्या पाठीशी आहे आणि तिचे हात त्याला पुढे करीत आहेत.