पाऊस, पीक आणि शिवारातील जीवसृष्टी : एकत्र हिशेब कसा मांडावा?

परभणी जिल्ह्यात एकेकाळी खरीप म्हणजे ज्वारी असे समीकरण होते. ज्वारीच्या पाट्यात तूर, मूग, उडीद, अंबाडी अशी चार पिके एकाच शेतात नांदत. आज जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत सोयाबीन आणि कापूस हीच दोन पिके नजरेत भरतात. सोयाबीनने तीन-साडेतीन महिन्यांत रोख पैसा हाती दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि सगळे क्षेत्र एकाच पिकाखाली आणि एकाच आठवड्यात पेरलेले असले, म्हणजे पावसाचा एकच खंड सगळ्या शेताला एकाच नाजूक अवस्थेत गाठतो. हा धोका किती, हे आकड्यात मांडता येते. अशा मांडणीलाच प्रतिमान किंवा मॉडेल म्हणतात.

प्रतिमान म्हणजे हिशेबाची वही

१९७२ साली मराठवाडा दुष्काळात होरपळत होता आणि त्याच वर्षी परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी लोकसंख्या, अन्न, उद्योग व प्रदूषण यांचा एकत्र हिशेब संगणकावर मांडून ‘द लिमिट्स टू ग्रोथ’ हा अहवाल प्रसिद्ध केला. पुढे पिकांची स्वतंत्र प्रतिमाने आली. ज्वारीसाठी सेरेस, सोयाबीनसाठी क्रॉपग्रो. रोजचे कमाल व किमान तापमान, सूर्यप्रकाश, पाऊस, जमिनीचे थर, वाणाचे गुणधर्म व पेरणीची तारीख एवढी माहिती दिली, की पीक कधी फुलोऱ्यात येईल आणि उत्पादन किती येईल याचा अंदाज ती देतात. उत्तर दशांशात येते म्हणून ते अधिक खरे असते, असे मात्र कोणी समजू नये.

या साऱ्याच्या मुळाशी पाण्याचा साधा ताळेबंद आहे, आणि तो शेतकऱ्याला वहीच्या एका पानावर करता येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी. समजा, ऑगस्टच्या सुरुवातीला जमीन पूर्ण ओली आहे आणि पीक दररोज ५ मिलिमीटर पाणी वापरते. जिंतूरच्या डोंगराळ भागातील हलक्या जमिनीत ४५ सें.मी. खोलीपर्यंत, दर सेंटिमीटरला एक मिलिमीटर धरल्यास, ४५ मि.मी. पाणी साठते. त्यातील साधारण निम्मेच पीक सहजपणे घेते. म्हणजे चार-पाच दिवसांत ताण सुरू. गोदाकाठच्या भारी जमिनीत ९० सें.मी. खोलीत, दर सेंटिमीटरला १.८ मि.मी. या दराने, १६२ मि.मी. साठा होतो. त्यातील निम्मा, ८१ मि.मी., सोळा दिवस पुरतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या शेताची खोली आपण खड्डा घेऊन मोजावी.

आता वीस-एकवीस दिवसांचा खंड धरा. २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीस पेरलेले सोयाबीन त्या वेळी फुले व शेंगा धरण्याच्या अवस्थेत असते. हलक्या जमिनीत फुलगळ होणार, हे वही आधीच सांगते. उलट २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेड भागात अतिवृष्टी झाली. जमीन आधीच भरलेली असली की पुढचे पाणी ओल वाढवत नाही, शेतात तुंबते किंवा माती घेऊन ओढ्याला जाते. त्यामुळे निचऱ्याची सरी आणि पाणी मुरवणारी सरी ही दोन्ही कामे एकाच हंगामात लागतात. रुंद वरंबा-सरी पद्धतीचा खरा उपयोग येथेच आहे.

गावपातळीवरील असा ताळेबंद आपल्याकडे नवा नाही. २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात परभणी जिल्ह्यातील गावे होती आणि त्यासाठी पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत मुंबईच्या आय.आय.टी.ने तयार केली. पडलेला पाऊस, वाहून गेलेला, पिकाने वापरलेला आणि भूगर्भात मुरलेला, अशी त्याची खाती आहेत.

वहीतील कोरा रकाना

पीक प्रतिमानांत एक मोठी उणीव राहते. त्यात शेत म्हणजे एकसारखी जमीन आणि एकच पीक. अळी, मधमाशी, ढालकिडा, बगळा, गांडूळ यांचा हिशेब ती स्वतःहून धरत नाहीत. २०१७ साली कापसावर गुलाबी बोंडअळीचा उद्रेक झाला, तेव्हा केवळ हवामान आणि जमीन पाहणाऱ्या प्रतिमानाला ते नुकसान दिसलेच नसते. ही अळी मुख्यतः कापसावरच जगते. उष्णता वाढली की तिची पिढी लवकर पूर्ण होते, आणि फरदड ठेवली की तिला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. म्हणजे हवामान, पीकपद्धती व कीड यांची साखळी एकच आहे. डिसेंबरअखेर कापसाचे पीक शेतातून काढले, तर ती साखळी तोडता येते. याला पैसे लागत नाहीत, पण सबंध शिवाराने ते करावे लागते. डिसेंबर २०२४ मध्ये नामिबियातील विंडहूक येथे जैवविविधता, पाणी, अन्न, आरोग्य व हवामान यांचा एकत्रित विचार करणारा आंतरराष्ट्रीय अहवाल मान्य झाला. त्याचा गाभा हाच, की एक खाते सुधारताना दुसरे बिघडू नये.

आता आपल्या निर्णयाकडे येऊ. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी ही शिफारस जुनीच आहे. सोयाबीन ९५ ते १०५ दिवसांत निघते. बीडीएन-७११ सारखी तूर सुमारे १५० ते १५५ दिवसांची आहे. ऑगस्टच्या खंडात सोयाबीनची फुले गळतात तेव्हा तूर वाढीच्याच अवस्थेत असते, आणि तिची मुळे एक मीटरखालची ओल उचलतात. सोयाबीन काढल्यावर मोकळी जागा व सूर्यप्रकाश तिलाच मिळतो. फुलोऱ्यावर मधमाश्या येतात. बियाण्यात ज्वारीचे थोडे दाणे मिसळले, तर त्या ताटांवर पक्षी बसून घाटेअळी टिपतात. मात्र कापणी व मळणी यंत्राने करायची असेल, तर ओळींची रचना पेरणीपूर्वीच ठरवावी, नाहीतर मजुरीत नफा जातो. पाणी तुंबणाऱ्या जमिनीत तुरीचे जोड-ओळ आंतरपीक घेऊ नये. ओल्या मुळांवर मर रोग लवकर येतो, व तेथे तूर वाचवण्यासाठी आधी चर काढावे लागतात.

गावच्या पावसाची नोंद घेण्यासाठी पाऊसमापक लावावा. नसल्यास सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा मोकळ्या जागी ठेवून रोज सकाळी आठच्या सुमारास पट्टीने मोजावे. वहीत तारीख, पाऊस व पिकाची अवस्था लिहावी. त्याशेजारी आठवड्यातून एकदा वीस झाडांवरील अळ्या, ढालकिडे व क्रायसोपा मोजून मांडावेत. कापसात कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रति सापळा आठ किंवा अधिक पतंग आढळले, तर उपाययोजना करावी. त्याआधी फवारणी करू नये. धुऱ्यावरची बोर-बाभूळ आणि फुलणारे गवत साफ करण्यापूर्वी ते कोणत्या महिन्यात मधमाश्यांच्या उपयोगी पडते, तेही त्याच पानावर टिपून ठेवावे. दोन-तीन हंगामांच्या नोंदी झाल्या, की आपल्या जमिनीवर किती दिवसांचा खंड कोणत्या पिकाने सोसला, हे स्वतःच्या आकड्यांवरून कळेल.