साल हरवलेला पाव डॉलर

प्रश्न : माझ्याजवळील अमेरिकेच्या जुन्या पाव डॉलरवर उभी स्वातंत्र्यदेवी दिसते, साल मात्र दिसत नाही. टांकसाळीची चूक समजावी काय?

उत्तर : कसूर टांकसाळीची नव्हे, रचनेची. शिल्पकार हर्मन मॅकनील यांच्या, १९१६ साली निघालेल्या या नाण्यात सालाचे अंक देवीच्या पायाखालील चौथऱ्यावर उठावात बसविले होते. आणि खिशात, गल्ल्यात होणारे घर्षण प्रथम उंच भागालाच भिडत असल्यामुळे तेच आधी नाहीसे झाले. नाणे देखणे खरे, परंतु व्यवहाराला नाजूक! १९२५ मध्ये अंक खोलगट जागेत उतरविण्यात आले, तेव्हा हा उपद्रव शमला.

देवीचे मस्तक पुसट असल्यास मात्र ती झीजच असे मानू नये. ठशाच्या खोल खळग्यात धातू पुरता न चढल्यास कोरे नाणेही अस्पष्ट मुद्रेनेच बाहेर पडते. तेथे मूळ चकाकी शाबूत असेल, तर दोष छापाचा.