शेजार कुठपर्यंत?

शेजारी कोणाला म्हणावे? ज्याची भिंत आपल्या भिंतीला लागून आहे, तो शेजारी. त्याच्या दारात आपण केर लोटत नाही. आपले सांडपाणी त्याच्या अंगणात गेले, तर आपण ओशाळतो. याला आपण शेजारधर्म म्हणतो. हा धर्म गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तो कोणी पुस्तकातून शिकलेला नाही.

पण गावाचे शहर झाले, म्हणजे शेजार कुठपर्यंत धरायचा?

मीरा-भाईंदरचेच पाहा. भाईंदरच्या खाडीकाठी मिठागरे, उत्तनला मासेमारी, मधल्या गावांत शेती, असा हा मुलूख होता. १९८५ साली येथे नगरपालिका झाली. २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत येथील वस्ती पावणेदोन लाख होती. २०११ च्या जनगणनेत ती आठ लाखांच्या वर गेली. एवढी माणसे रोज भाजी चिरतात, मासे साफ करतात, दुकानातून पुडे आणतात. मग केरकचरा निघणारच.

सकाळी घंटागाडी येते. आपण डबा तिच्यात पालथा करतो आणि हात धुतो. कचरा डोळ्याआड झाला, की तो नाहीसा झाला असे आपल्याला वाटते. पण तो नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी दारी जातो.

मीरा-भाईंदरचा कचरा गेली अनेक वर्षे उत्तनच्या धावगी डोंगरावर नेला जात आहे. तेथे पालिकेचा घनकचरा प्रकल्प आहे. आसपास कोळ्यांची व शेतकऱ्यांची जुनी गावे आहेत. दुर्गंधी येते, आग लागून धूर पसरतो, घाण पाणी शेतात व विहिरीत उतरते, अशी तेथील लोकांची तक्रार आहे. त्यासाठी त्यांनी आंदोलने केली, कोर्टाची पायरीही चढली.

आग का लागते, ते समजून घेऊ. भाजीची देठे, शिळे अन्न, माशांची खवले हा ओला कचरा. कागद, काच, पत्रा, प्लास्टिक हा सुका कचरा. दोन्ही एकत्र करून ढीग रचला, तर खालच्या ओल्या कचऱ्याला हवा लागत नाही. तो आतल्या आत कुजतो. त्यातून मिथेन नावाचा वायू निघतो. हा वायू पेट घेणारा असतो. ढिगातून काळे पाणीही झिरपते. तेच पाणी विहिरी बिघडवते.

हाच ओला कचरा वेगळा ठेवला, तर त्याचे खत होते. म्हणजे दोष नुसत्या कचऱ्याचा नाही. एकाच डब्यात सगळे कोंबण्याच्या सवयीचाही आहे.

केंद्र सरकारने २०१६ साली याचे नियम केले. ओला, सुका आणि घरातला घातक कचरा घरीच वेगळा करावा, असे त्यांत सांगितले. पण आपल्या मोरीशेजारचा डबा पाहायला रोज कोण शिपाई येणार? कोणी पाहत नसताना आपण काय करतो, तिथेच माणसाची नीती कळते.

कोणी म्हणेल, “आम्ही कर भरतो. पालिकेने पाहावे.” हे म्हणणे अर्धे खरे आहे. कचरा नेणे, त्याची नीट विल्हेवाट लावणे हे पालिकेचे काम आहे. ते होत नसेल, तर जाब विचारलाच पाहिजे. पण फुटलेली काच आपण तशीच डब्यात टाकली आणि सफाई कामगाराचा हात कापला, तर ते पाप कराच्या पावतीने फिटत नाही. काच जाड कागदात गुंडाळायला कितीसा वेळ लागतो?

आता हेही खरे, की दोष फक्त इमारतीत राहणाऱ्यांचा नाही. आम्ही गावकरीसुद्धा पिशवी बांधून नाल्यात भिरकावतो. नाल्यातून ती खाडीत जाते, ओहोटीबरोबर समुद्रात जाते आणि कोळ्याच्या जाळ्यात मासळीबरोबर वर येते. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. कापडी पिशवी मात्र घरून आपणच न्यायला हवी.

गाडगेबाबांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. ते १९५६ साली वारले. एखाद्या गावात गेले, की ते आधी हातात खराटा घेऊन रस्ते झाडीत. मग रात्री कीर्तन करीत. त्या गावात त्यांचे घर नव्हते. ती घाण त्यांनी केलेली नव्हती. तरी त्यांनी ती आपली मानली. त्यांचा शेजार एवढा मोठा होता.

आपल्याला एवढे मोठे होता आले नाही, तरी एक गोष्ट जमेल. आपली घाण जिथवर पोचते, तिथवर आपला शेजार आहे, असे मानावे. मग उत्तनची म्हातारी आपली शेजारीण होते, आणि घंटागाडीवरचा पोरगाही आपला शेजारी होतो. शेजाऱ्याशी कसे वागावे, हे तर आपल्याला माहीतच आहे.

हे करून पाहा :
घरात दोन डबे ठेवा. अंगण असेल तर एक लहान खड्डा घ्या. त्यात ओल्या कचऱ्याचा एक थर व मातीचा एक थर द्या. अधूनमधून पाणी शिंपडा. काही महिन्यांनी खत तयार होईल.

विचार करा व चार जणांत बोला :
१. तुमच्या गावचा कचरा कोठे जातो? तेथे कोण राहते?
२. ओला व सुका कचरा एकत्र केल्याने काय होते?
३. पालिकेचे काम कोणते व आपले काम कोणते?