पुएब्लाचे ग्रंथालय : एका दानपत्राची कथा

पुस्तपालनाच्या पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर एक वाक्य लिहिले होते : 'मालक वेगळा आणि व्यवसाय वेगळा.' दुकान स्वतःचे असले तरी घरचा किराणा दुकानाच्या खर्चात लिहायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ मला तेव्हा कळला, आणि परीक्षेपुरते ते मी पाठ केले. त्याच वाक्याची आठवण मला मेक्सिकोतील एका जुन्या ग्रंथालयाविषयी वाचताना पुन्हा झाली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ग्रंथालयाच्या इतिहासात लुडबूड कशाला करावी, असे कोणी म्हणेल. परंतु या इतिहासाचा पायाच मुळी एक दस्तऐवज आहे.

पुएब्ला हे शहर स्पॅनिश लोकांनी १५३१ साली वसविले. वेराक्रूझ बंदरातून मेक्सिको शहराकडे जाणारा व्यापारी मार्ग येथूनच जात असे. १६४० मध्ये हुआन दे पालाफोक्स हा स्पॅनिश धर्माधिकारी येथे बिशप म्हणून आला. त्यापूर्वी १५६३ साली ट्रेंट येथील धर्मपरिषदेने असा ठराव केला होता की, प्रत्येक बिशपने आपल्या प्रांतात धर्मगुरू घडविणारे विद्यालय, म्हणजे सेमिनरी, चालवावी. पालाफोक्सने हे काम मनावर घेतले. विद्यालय म्हटले की ग्रंथ आलेच. ५ सप्टेंबर १६४६ रोजी त्याने दानपत्र करून आपल्या संग्रहातील पाच हजार ग्रंथ तेथील संत जॉनच्या विद्यालयाला देऊन टाकले.

या दानाची अट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. हे ग्रंथ केवळ सेमिनरीच्या विद्यार्थ्यांसाठी किंवा धर्मगुरूंसाठी नव्हते. ज्याला वाचता येते अशा कोणालाही ते खुले असावेत, अशी दात्याची इच्छा होती. त्या काळी वाचता येणारे लोकच मूठभर होते, हे विसरून चालणार नाही. शेतात राबणाऱ्या नाउआत्लभाषक मजुराला या उघड्या दाराचा उपयोग तो काय? तरीही पुढे कोणी मजुराचा मुलगा अक्षरे शिकून आलाच, तर त्याला अडविण्याचे कारण त्या अटीत नव्हते. म्हणून मला ती मोलाची वाटते.

दानानंतर पालाफोक्सला पुएब्लात फार दिवस राहता आले नाही. जेझुइट पंथाशी त्याचा मोठा वाद झाला. त्या पंथाच्या जमिनींच्या उत्पन्नावरील दशमांश आणि प्रवचनाचे परवाने हे वादाचे मुख्य विषय होते. १६४९ मध्ये तो स्पेनला परतला आणि १६५९ मध्ये तेथेच वारला. ग्रंथ त्याच्या खाजगी मालकीचे राहिले असते, तर ते त्याच्याबरोबर गेले असते किंवा त्याच्यामागे विखुरले असते. परंतु दानपत्राने मालक वेगळा झाला होता आणि ग्रंथालय वेगळे. मालक गेला, ग्रंथालय राहिले. सरांच्या वाक्याचा अर्थ मला येथे उमगला.

पुढच्या बिशपांनी या संग्रहात भर घातली. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने आपल्या सर्व मुलखातून जेझुइटांना हद्दपार केले आणि पुएब्लातील त्यांच्या विद्यालयांचे ग्रंथ याच ग्रंथालयात आले. ज्या बिशपाशी हयातभर भांडण झाले, त्याच्याच नावाच्या कपाटांत त्या पंथाचे ग्रंथ विसावले! ग्रंथांना वैर ठाऊक नसते.

आज दिसणारे भव्य दालन १७७३ मध्ये बिशप फ्रान्सिस्को फाबियान ई फुएरो याने उभारले. त्याची लांबी ४३ मीटर आहे. वर कमानदार छत, दोन्ही बाजूंना सीडार व इतर स्थानिक लाकडाची कोरीव कपाटे, त्यांना जाळीची दारे आणि टोकाला मातृदेवीची सोनेरी वेदी, असा सारा थाट. डोळे दिपविणाऱ्या या नक्षीदार युरोपीय शैलीला बरोक म्हणतात. प्रथम कपाटांचे दोन मजले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिसरा चढविण्यात आला.

आता तेथे पंचेचाळीस हजारांहून अधिक ग्रंथ आहेत. खालच्या मजल्यावर बायबल व धर्मशास्त्र. मधल्यावर धर्मसंघांचे वृत्तांत व संतचरित्रे. वरच्यावर गणित, पदार्थविज्ञान, वनस्पतिशास्त्र, भाषा, वास्तुकला, इतकेच काय, सुतारकामही! सर्वांत जुना छापील ग्रंथ १४७३ सालचा, हिरोडोटसच्या इतिहासाचा. व्हेसॅलिअसचे शरीररचनाशास्त्र आणि ऑर्टेलिअसचा नकाशासंग्रहही तेथे आहे. मला मात्र अँटवर्प येथे छापलेल्या बहुभाषी बायबलाचे सर्वाधिक कौतुक वाटते. हिब्रू, ग्रीक, लॅटिन आणि अरामाईक मजकूर त्यात शेजारी शेजारी छापला आहे. ज्या अंकात मराठी आणि कन्नड एकाच बांधणीत नांदतात, त्याच्या वाचकांना हे कौतुक वेगळे समजावून सांगायला नको.

येथे मनाला एक गोष्ट टोचते. पालाफोक्सच्या दानाच्या तीस वर्षे आधी, १६१६ साली, गोव्यात राशोल येथे जेझुइटांच्याच विद्यालयात फादर स्टीफन्सचे मराठी 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची आज एकही प्रत उपलब्ध नाही. मग ग्रंथ वाचला कसा? तर लोकांनी तो हाताने उतरवून घेतला, घरोघरी वाचला, म्हणून. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ मध्ये मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला. पुएब्लात ग्रंथ कपाटांनी राखले; आपल्याकडे हा ग्रंथ वाचकांनी राखला.

कपाटेही अमर नसतात. १९९९ च्या भूकंपात पालाफोक्सियाना ग्रंथालयाची हानी झाली व मोठ्या कष्टाने त्याची दुरुस्ती करावी लागली. १९८१ मध्ये मेक्सिकोने त्याला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला होता. २००५ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक स्मृतिसूचीत नोंद केली. मान मोठा खरा. पण आता तेथे कपाटे पाहायला येणारे प्रवासी पुष्कळ, आणि ग्रंथ उघडणारे अभ्यासक थोडे. दानपत्रातील अटीचा विचार करता, हीदेखील एक प्रकारची तूटच म्हणायची.

आम्हाला शिकवतात की इमारत, यंत्रे, फर्निचर यांच्यावर दरवर्षी घसारा धरावा. ग्रंथालयाच्या पुस्तकांवरही तो धरतात. बांधणी सैल होते, पाने पिवळी पडतात, तेव्हा हिशेब म्हणून ते ठीकच आहे. परंतु आपल्या ग्रंथालयातून घेतलेल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के पाहतो, तेव्हा वाटते की खरा घसारा शिक्के पडल्याने होत नाही. तो शिक्के पडायचे थांबले की सुरू होतो.