कप्पीवर किती भार?

आपल्या वालूरला गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांची जुनी बारव आहे. २०२२ साली डाक खात्याने तिचे चित्र कार्डावर छापले. बारवेत पायऱ्यांनी पाण्यापर्यंत जाता येते. आडाला पायऱ्या नसतात. तिथे पाणी दोराने शेंदावे लागते.

उन्हाळ्यात माय आडावर पाणी शेंदत होती. कडाड आवाज झाला. कप्पी बांधलेलं आडवं लाकूड मोडलं. कप्पी, दोर, पोहरा सगळं खाली गेलं. मायचे तळहात सोलले. आबा म्हणाले, "पंधरा किलोचा तर पोहरा. एवढ्यानं लाकूड मोडलंच कसं?" मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "काट्यालाच विचारू."

साहित्य : कप्पी, सुतळी, २ किलोचे माप, दोन ताणकाटे.

कृती : एक ताणकाटा वर अडकवून त्याला कप्पी टांगली. कप्पीवरून सुतळी नेली. एका टोकाला माप बांधले. दुसऱ्या टोकाला दुसरा ताणकाटा लावून मी तो खाली ओढून धरला.

निरीक्षण : हातातला काटा जवळजवळ २ किलो दाखवत होता. वरच्या काट्यावर मात्र ४ किलो आणि शिवाय कप्पीचे वजन! माप वर ओढताना हातातला काटा २ च्या पुढे गेला. कप्पीला तेल दिले तेव्हा तो थोडा मागे आला.

कारण : सुतळी एकच, म्हणून दोन्ही बाजूंना ताण सारखाच. एका बाजूने माप ओढते, दुसऱ्या बाजूने हात. दोन्ही ओढी कप्पीवर पडतात. म्हणजे १५ किलोच्या पोहऱ्याला लाकडावर ३० किलोचा भार येतो. हिसका दिला तर आणखी जास्त.

मग कप्पीचा फायदा काय? तिच्यामुळे ओढायची दिशा बदलते. खाली ओढताना अंगाचे वजन कामी येते.

नंतर आम्ही कप्पी मापालाच बांधली. सुतळीचे एक टोक वर बांधून दुसरे वर ओढले. काटा १ किलोच्या जरासाच पुढे गेला! पण माप एक हात वर न्यायला दोन हात सुतळी ओढावी लागली. फुकट काही मिळत नाही.

आता आबांनी आडावर बाभळीचे जाड लाकूड टाकले आहे. मी आधीच सांगितलं होतं, "आबा, भार दुप्पट धरा."

पालकांनो, तुमच्याही आडाचे लाकूड बघा. वाळवी किंवा चीर दिसली तर लगेच बदला.

– इयत्ता ४ थी, जि. प. प्राथमिक शाळा, वालूर